मास्टरच्या सात वह्या

मास्टरला एकाच डोळ्यानं रडता यायचं. घाटकोपरला पंतनगरमधल्या आमच्या इमारतीत तो राहायला आला तेव्हा त्याची तिशी उलटली होती आणि केस मागं सरकायला लागले होते. पण कुणाकडे पूजा असली, बायका जमल्या, की त्याला आग्रह व्हायचाच. तो हातातली बशी खाली ठेवायचा आणि विचारायचा, "कुठला हवाय? डावा की उजवा?" कुणीतरी लाजत "उजवा" म्हणायचं. मास्टर समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा आणि मोजून उजव्या डोळ्यातून एक थेंब गालावर यायचा. डावा कोरडा ठणठणीत. बायका हळहळायच्या. मास्टर गाल पुसून उरलेला शिरा संपवायचा.

"कॅमेरा ज्या बाजूला, त्या बाजूनं रडायचं. दुसरीकडचं कशाला फुकट घालवायचं?" असं तो मला म्हणाला होता.

सहाव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत त्यानं बारा चित्रपटांत काम केलं. पडद्यावर त्याचं नाव 'मास्टर दिनू' असं यायचं. आवाज फुटला, ओठावर लव आली आणि कामं थांबली. दिनू मागं पडला, मास्टर तेवढा राहिला. पुढं अंधेरीच्या स्टुडिओंत त्यानं क्लॅप दिली, नटांना संवाद ऐकवले, तिसरा सहायक, दुसरा सहायक असं करत वीस वर्षं काढली. सेटवर कुणी मोठा नट आला की ओळख करून दिली जायची, "हा आपला मास्टर, लहानपणी सगळ्या महाराष्ट्राला रडवलंन यानं." नट कौतुकानं गालाला हात लावायचा. पस्तीस वर्षांच्या पुरुषाच्या गालाला.

हे सगळं मी आज लिहितोय त्याला कारण आहे. 'उसनं घर' हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना कथा, पटकथा आणि संवाद यांच्यापुढं माझं नाव दिसलं असेल. ते खोटं आहे. तो चित्रपट मास्टरचा होता. माझं वय आता एक्याऐंशी आहे आणि या खोट्यासकट जाण्याची माझी तयारी नाही.

मी तेव्हा विक्रोळीच्या एका कारखान्यात कारकून होतो. कामगारांच्या नाट्यस्पर्धेसाठी एकांकिका लिहायचो. तीन वर्षं लिहिल्या, तिन्ही वर्षं पहिल्या फेरीत बाद झाल्या. माझी एक एकांकिका बघून मास्टर म्हणाला, "तुझी माणसं खोटी बोलतात रे."

"म्हणजे?"

"वाक्यं पूर्ण करतात. माणूस खरं बोलत असला ना, की मध्येच अडकतो. खोटं बोलणाऱ्याचीच वाक्यं धडधडीत पूर्ण असतात."

मला राग आला होता. पण माझं अक्षर मोत्यासारखं होतं आणि ते मास्टरला हवं होतं. एका रविवारी सकाळी त्यानं मला घरी बोलावलं, वहिनींनी चहा ठेवला आणि दार लोटून घेतलं. मास्टर म्हणाला, "कारकून, एक पिक्चर सांगायचंय. तू उतरवून घेशील?"

"तूच लिही की. मी तपासून देतो."

त्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली. मग तो म्हणाला, "मी तिसरीतून शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, शूटिंग असायचं. बाबा संवाद वाचून दाखवायचे, मी ऐकून पाठ करायचो. सही येते मला. बसच्या पाट्या वाचतो. लिहिता येत नाही." थोडं थांबून म्हणाला, "हे तू, मी नि ही. चौथा माणूस नको. पोरीलासुद्धा ठाऊक नाही."

मी शब्द दिला. हा शब्द पुढं मी कसा वापरला, ते येईलच.

मास्टर सांगायचा म्हणजे बसून सांगायचा नाही. घर दोन खोल्यांचं, पण तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून गॅलरीपर्यंत चालत राहायचा. आई बोलायची तेव्हा आईसारखा वाकून, बाप बोलायचा तेव्हा बापासारखा गुडघ्यावर हात ठेवून. काडेपेटी म्हणजे कॅमेरा, पेले म्हणजे माणसं. पेले सरकवत तो सांगायचा, "हा इथून बघतोय, म्हणून हिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. पाठ दिसते. पाठीवरनं कळलं पाहिजे." मी लिहीत असायचो. एखादं वाक्य मला ओबडधोबड वाटलं आणि मी सुधारलं की त्याला लगेच कळायचं, कारण लिहिलेलं तो परत वाचून घ्यायचा.

"हे मी बोललो नव्हतो."

"अरे, व्याकरणात बसत नव्हतं."

"आई काय व्याकरणात बोलते काय? आहे तसं ठेव यार."

गोष्ट त्याचीच होती. एक बालनट. दर चित्रपटात नवं घर, नवी आई. सेटवरची आई त्याला भरवते, कुरवाळते, दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं की मांडीवरून उतरवून आरसा मागते. आणि एक दिवस घरी जेवताना पोरगा आपल्या खऱ्या आईला सेटवरच्या आईच्या नावानं हाक मारतो. हा प्रसंग खरा होता. मास्टरची आई मालवणकडची. तिनं हातातला भात तसाच ताटात ठेवला होता आणि म्हणाली होती, "मी तुजी आवस, ती पिच्चरातली न्हय." एवढंच. मग पुन्हा भरवायला लागली होती. हे सांगताना मास्टरचे दोन्ही डोळे कोरडे होते.

दीड वर्ष रविवारमागून रविवार बसून सात वह्या भरल्या. लांब, रेघांच्या, पुठ्ठ्याच्या वह्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लेखकाचं नाव घालू का म्हणून मी विचारलं. मास्टर म्हणाला, "कोरं ठेव. लहानपणी दोन पिक्चरच्या पाट्यांवर आधी नाव रंगवलं, दोन्ही डब्यात गेली. पिक्चर पुरं झालं की मग नाव." चित्रपटवाल्यांच्या अशा पुष्कळ समजुती असतात. मी ते पान कोरं ठेवलं.

मास्टरला नुसतं लिहायचं नव्हतं, दिग्दर्शनही करायचं होतं. त्यावर तो अडून होता. "बारा पिक्चरमध्ये मला सांगितलं, इथं उभा राहा, तिथं बघ, आता रड. एका पिक्चरमध्ये मी सांगणार," असं म्हणायचा. त्याला लोकांनी एकदा 'तो रडणारा पोरगा' सोडून दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. बाकी त्याला काही नको होतं.

अंधेरीला एक निर्माते होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांच्या कचेरीत मास्टरनं अडीच तास गोष्ट सांगितली. मी वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात होतो. जेवणाच्या प्रसंगाला अण्णांनी चष्मा काढला. शेवटी म्हणाले, "करू या. कागद ठेवून जा." मास्टरनं पिशवी माझ्याकडून घेऊन टेबलावर ठेवली. परत येताना बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. साकीनाक्याला फक्त माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "झकास."

पंधरा दिवसांनी अण्णांनी मला कारखान्यात फोन केला. एकट्याला बोलावलं. मास्टर तेव्हा नाशिककडे बाहेरच्या शूटिंगला गेला होता.

अण्णा म्हणाले, "तुमचा मास्टर भला माणूस आहे. पण हट्ट धरून बसलाय, दिग्दर्शन मीच करणार. उद्या वितरक विचारणार, दिग्दर्शक कोण? मी काय सांगू, तो रडणारा पोरगा?" मग त्यांनी पहिली वही उघडली. "नाव नाही हिच्यावर. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सातही?"

"हो."

"मग लेखक तुम्हीच की."

मी वहीतल्या माझ्या अक्षराकडे बघितलं. अण्णा पुढं म्हणाले की तुम्ही लेखक असाल तर दिग्दर्शक मी ठरवतो, पिक्चर दिवाळीनंतर सुरू होतं. नसाल तर वह्या घेऊन जा. मी स्वतःला सांगितलं, मास्टरच्या हट्टापायी पिक्चर बुडणार, निदान गोष्ट तरी लोकांपुढं येऊ दे. असं बरंच काही सांगितलं. खरं कारण निराळं होतं. तीन वर्षं पहिल्या फेरीत बाद झालेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा लेखक म्हणालं होतं. टाइप केलेला कागद तयारच होता. कथा, पटकथा, संवाद सर्वस्वी माझे आहेत, असं त्यात होतं. मी सही केली.

मास्टर परतला तेव्हा दुसरा दिग्दर्शक ठरल्याची बातमी स्टुडिओत पसरली होती. तो तडक माझ्याकडे आला. मला वाटलं, त्याला सगळं कळलं. पण त्याला फक्त अण्णांचं कळलं होतं. म्हणाला, "अण्णानं फसवलं रे. गोष्ट माझी आणि पिक्चर दुसऱ्याला. संघटनेकडे तक्रार केलीय. तू साक्षीला चल." मी "येतो" म्हणालो. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

लेखकांच्या संघटनेची कचेरी अंधेरीतच होती. आम्ही घाटकोपरहून एकाच बसनं गेलो. जिना चढताना मास्टर थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला लिहिता येत नाही, तेवढं सोड. बाकी सगळं खरं सांग. मी सांगत होतो, तू उतरवत होतास. बस." म्हणजे त्याचं गुपित सांभाळूनही खरं बोलता येत होतं. वाट त्यानंच काढून दिली होती. पुढं कित्येक वर्षं मी बायकोला सांगत आलो की मी शब्दाला बांधलेला होतो. मी कशालाही बांधलेला नव्हतो.

आत तीन जणांची समिती बसली होती. मधले ज्येष्ठ लेखक, पिकलेले केस, शांत बोलणारे. मास्टरनं आपली तक्रार सांगितली, छान सांगितली. मग अण्णांच्या माणसानं तो कागद पुढं केला. ज्येष्ठ लेखकांनी तो वाचला आणि मास्टरकडे सरकवला. "हे बघा."

मास्टरनं कागद हातात धरला. त्याच्यावर नजर फिरवल्यासारखं केलं. आणि माझ्याकडे देऊन म्हणाला, "तू वाच रे. मी चष्मा आणला नाही."

मी वाचला. मोठ्यानं. खालच्या माझ्या नावासकट. सगळी वाक्यं पूर्ण होती.

मास्टर माझ्याकडे बघत होता, रागानं नव्हे, ऐकण्यात काही चूक झाली असावी अशा चेहऱ्यानं. मग समितीकडे वळून म्हणाला, "हे खोटं आहे. त्यालाच विचारा."

त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कागदावर आहे ते आहे."

ज्येष्ठ लेखक अन्यायी नव्हते. ते म्हणाले, "एक करू. दोघंही बसा. जेवणाचा जो प्रसंग आहे, तो एकेक पान लिहून दाखवा. ज्याचा त्याला येईल." शिपायानं दोघांपुढं कोरे कागद आणि पेनं ठेवली.

मी लिहायला लागलो. तो प्रसंग मी इतक्यांदा उतरवला होता की हात आपोआप चालत होता. मास्टरनं पेनाला हात लावला नाही. म्हणाला, "मी लिहीत नाही. सांगतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो, ऐका."

"सांगायचं नाही मास्टर, लिहायचंय."

माझं पान झालं. मला वाचायला सांगितलं. मी वाचत गेलो आणि अर्ध्यावर मास्टर हळूच म्हणाला, "'जेव' नाही. 'जेव बघू'. आणि त्याच्या आधी ती ताट फिरवते. तू ताट खाल्लंस."

त्याचं बरोबर होतं. घाईत माझं ते राहिलं होतं. मला वाटलं, आता उघड झालं सगळं. पण ज्येष्ठ लेखक हसले, अगदी प्रेमानं. म्हणाले, "पाठांतर अजून शाबूत आहे हो मास्टरांचं. लहानपणापासूनच दांडगं."

मास्टर उठला. तिघांना नमस्कार केला आणि खाली गेला. मी त्याच्यामागं लगेच गेलो नाही. खिडकीतून दिसलं, तो स्टॉपवर उभा होता. बस आली, त्यानं एकदा जिन्याकडे वळून पाहिलं. माझी वाट बघत होता की नव्हता, ते मला आजही ठरवता येत नाही. ती बस गेल्यावर मी उतरलो.

इमारतीत त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. त्यानं चारचौघांत माझी गचांडी धरली असती तर मला बरं वाटलं असतं. जिन्यात भेटला की बाजूला होऊन वाट द्यायचा, एखाद्या पाहुण्याला देतात तशी. मला 'कारकून' म्हणणं त्यानं सोडलं. आडनावानं, अहोजाहोनं बोलायला लागला. चित्रपट लागला, बऱ्यापैकी चालला, माझा एका सभागृहात शाल-श्रीफळ देऊन सत्कारही झाला. त्याच महिन्यात मास्टरनं पंतनगरची जागा सोडली आणि तो बोरिवलीला गेला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी गॅलरीत आलो नाही.

मी पुढं दोन चित्रपट लिहिले. दोन्ही पडले. एका समीक्षकानं लिहिलं, पहिल्या चित्रपटातला जिवंतपणा या लेखकानं कुठं हरवला? मी कारखान्यातल्या नोकरीवर निवृत्त झालो.

माझा दुसरा चित्रपट पडला त्या सुमारास टीव्हीवर तेरा भागांच्या मालिका सुरू झाल्या होत्या. एका संध्याकाळी एका मालिकेच्या सुरुवातीला 'लेखन-दिग्दर्शन' या शब्दांपुढं त्याचं नाव दिसलं. मास्टर नव्हे, सगळं नाव. मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसलो. बायको म्हणाली, "डोळे जातील." चित्रं फार सुंदर होती. माणसं कुठं उभी राहतात, कुणाची पाठ दिसते, हे सगळं मास्टरचं होतं. पण ती माणसं बोलायला लागली आणि मी टीव्हीपासून मागं सरकलो. मुलगी बापाला म्हणत होती, "बाबा, मला तुमची फार आठवण येत होती, म्हणून मी आज तुम्हाला भेटायला आले आहे." शाळेच्या निबंधातलं वाक्य. तेराही भाग तसेच होते. त्यानंतर त्याच्या नावानं काही आलं नाही.

हे असं का झालं, ते मला तो गेल्यावर कळलं. तो गेल्याची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींत आली, 'एके काळचे लोकप्रिय बालकलाकार' म्हणून. मी तेव्हाही गेलो नाही. गेलो मागच्या उन्हाळ्यात. सातही वह्या मी अण्णांकडून परत घेतल्या होत्या, त्या पिशवीत घालून बोरिवलीला गेलो. वहिनीही आता नव्हत्या. दार मुलीनं, शुभदानं उघडलं. पंतनगरला होती तेव्हा पाचवीत होती, आता केस पांढरे. तिनं मला ओळखलं. आत बोलावलं, पाणी दिलं.

मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "या तुझ्या बाबांच्या."

तिनं एक उघडली, दोन-चार पानं चाळली. "अक्षर तुमचं आहे, काका."

"अक्षर माझं. बाकी एकही शब्द माझा नाही." मग मी म्हणालो, "मी हे केव्हाच बोलायला हवं होतं. पण तुझ्या बाबांचं एक गुपित होतं. तुला ते माहीत नसेल."

"त्यांना लिहिता येत नव्हतं, ते?" शुभदा म्हणाली. "मला पंतनगरला असतानाच माहीत होतं. माझ्या प्रगतिपुस्तकावर आई मजकूर लिहायची आणि बाबा नुसती सही करायचे. तुमचं पिक्चर लागलं त्या वर्षी ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, मला शिकव. माझ्या सहावीच्या पुस्तकावर शिकले. रोज एक पान शुद्धलेखन. ती मालिका त्यांनी एकट्यानं हातानं लिहिली. मी चुका काढून द्यायची."

मी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"आधी ते घरभर फिरून सांगायचे, आठवतंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. "लिहायला लागल्यावर फिरणं थांबलं. खुर्चीत बसायचे. आई म्हणायची, अहो, एकदा बोलून तरी बघा. ते म्हणायचे, नको. बोललेलं कुणी धरत नाही." तिनं वही मिटली. "मग तुम्ही इतकी वर्षं कुणाचं गुपित सांभाळत होता, काका?"

मी म्हणालो, संघटनेला पत्र देतो, चित्रपटावरचं नाव बदलायला सांगतो, आत्ताच लिहून देतो. खिशातून पेन काढलं आणि तिच्याकडे कागद मागितला.

शुभदानं आतून कागद आणला. पण तो माझ्यापुढं ठेवला नाही. माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगा. मी लिहून घेते."

मी सांगायला लागलो. पहिल्याच वाक्यात अडकलो.